मनीप्लांटचं कटिंग : पान नव्हे, पेर लावा

(पावसाळ्याच्या तोंडावर डोंबिवलीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. ठाणे आणि कल्याणहूनही श्रोते आले होते. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नाही. डोंबिवली, कल्याण आणि ठाणे इथं राहणारी आम्ही पाच माणसं. गॅलरीच्या ग्रिलमध्ये जेवढी मावेल तेवढी बाग करतो, एकमेकांना रोपं देतो-घेतो, आणि काही बिघडलं की ते का बिघडलं हे पुस्तकांतून आणि नर्सरीवाल्यांना विचारून शोधून काढतो. आज जे सांगणार आहोत ते अशाच एका बिघडलेल्या कामातून शिकलेलं आहे.

विषय आहे मनीप्लांट. तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, मनीप्लांटवर कसलं आलंय व्याख्यान? फांदी तोडायची, बाटलीत खुपसायची, झालं! आम्हीही अगदी हेच म्हणायचो.

तर झालं असं. आमच्यातल्या एका काकूंची डोंबिवलीतली तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली. ही गोष्ट इथं कुणाला समजावून सांगायला नको. ठाण्यात नौपाड्यात म्हणा, कल्याणच्या जुन्या वस्तीत म्हणा, डोंबिवलीत तर गल्लोगल्ली हेच चाललंय. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, नवी इमारत उभी राहिली की परत यायचं. कपाटं, भांडीकुंडी, देव, सगळं हलवता येतं. पण काकूंच्या गॅलरीत मनीप्लांटची एक वेल होती. त्यांच्या सासूबाईंनी ठाण्याच्या एका वाड्यातून वीतभर फांदी आणून लावलेली. चाळीस वर्षांत तिनं ग्रिल, पावसाच्या पाण्याचा पाइप आणि शेजाऱ्यांची अर्धी खिडकी व्यापली होती. सासूबाई गेल्या, वेल राहिली. आता ती कुंडीसकट उचलून न्यायची सोयच नव्हती, कारण तिची मुळं भिंतीला आणि ग्रिलला घट्ट चिकटलेली.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी, खाली टेम्पो उभा असताना, आम्ही घाईघाईनं कात्री चालवली. 40 तुकडे काढले आणि बादलीत कोंबले. पुढं कुणी बाटल्यांत लावले, कुणी कुंडीत, कुणी गच्चीवर ठेवले. दिवाळीला हिशेब केला तेव्हा वेल म्हणून वाढत होते फक्त 11. मूळ वेल तर इमारतीबरोबरच गेली होती.

काकू काही बोलल्या नाहीत. "अकरा आहेत ना, पुष्कळ झाले," एवढंच म्हणाल्या. पण आम्हाला ते लागलं. जी वेल कुणाच्याही घरात, कशीही जगते, ती आमच्या हातून 40 पैकी 29 वेळा कशी गेली? आम्ही एकेका तुकड्याचा पंचनामा केला. आजचं व्याख्यान म्हणजे तो पंचनामा.

न फुलणारी वेल

आधी या वेलीची ओळख करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ गाव दक्षिण पॅसिफिकमधलं मोओरिया, फ्रेंच पॉलिनेशियातलं एक छोटं बेट. 1880 साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा तिला पोथॉस ऑरियस असं नाव दिलं होतं. म्हणून नर्सरीत आजही काही जण तिला 'पोथॉस' म्हणतात. पुढं तिचं नाव एकदा नव्हे, अनेकदा बदललं. कारण वनस्पतीचं कूळ नक्की करायचं तर फूल बघावं लागतं, आणि ही बाई फुलतच नाही. लागवडीतल्या वेलीला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद सापडते ती 1964 सालची.

असं का, याचं उत्तर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळालं. झाडाला फुलण्यासाठी जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं. ते तयार करण्याच्या साखळीतलं एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं तर ती फुलते, एरवी नाही.

आता याचा अर्थ लक्षात घ्या. फूल नाही म्हणजे फळ नाही, फळ नाही म्हणजे बी नाही. ठाण्याच्या नर्सरीत मिळणारा, कल्याणच्या एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवरचा, तुमच्या टीव्हीशेजारचा, असा प्रत्येक मनीप्लांट कुणाच्या तरी वेलीचा तोडलेला तुकडा आहे. तो तुकडा ज्या वेलीचा, तीही कशाचा तरी तुकडाच. आंब्याची कोय पेरली तर नवं झाड येतं, आईबापांपेक्षा थोडं वेगळं. इथं तसं नाही. काकूंच्या सासूबाईंची वेल आणि आमच्याकडे उरलेले 11 तुकडे ही आई आणि मुलं नव्हेत. ती एकच वेल आहे, 11 ठिकाणी राहणारी.

म्हणून कटिंग ही या वेलीच्या बाबतीत हौस नाही, तिच्या जगण्याची तीच एक वाट आहे. ती वाट तुकड्यातल्या कोणत्या जागेतून जाते, हे आम्हाला माहीत नव्हतं.

पान, कांडं आणि पेर

पंचनाम्यातला सगळ्यात मोठा आकडा 14. हे 14 तुकडे म्हणजे देठासकट तोडलेली नुसती पानं होती. मोठी, तुकतुकीत, पिवळे पट्टे असलेली. सगळ्यात देखणी म्हणून आम्ही तीच आवडीनं तोडली.

गंमत अशी, की ही पानं मेली नाहीत. बाटलीत महिनोन् महिने हिरवीगार राहिली. काहींच्या देठाला खाली मुळंसुद्धा फुटली. आम्ही खूश! पण नवा कोंब येईना. गणपती झाले, नवरात्र झालं, पान जसंच्या तसं. मग हळूहळू पिवळं पडून गळालं. ती पानं जिवंत होती, पण ती वेल नव्हती.

का, ते समजायला ऊस आठवा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गाव घाटावर आहे, त्यांनी उसाची लागण पाहिली असेल. शेतकरी उसाची पाती लावतो का? नाही, टिपरी लावतो. आणि टिपरी तोडताना बघतो काय, तर डोळा. एक डोळ्याची टिपरी, दोन डोळ्यांची टिपरी, हा हिशेब असतो. डोळा असतो पेरावर. दोन पेरांमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडं. कांडं कितीही जाडजूड असलं तरी त्यातून ऊस उगवत नाही.

मनीप्लांटचंही तेच. वेल हातात घ्या. ज्या जागी पानाचा देठ खोडाला मिळतो, तिथं एक कंगोरा बोटाला लागतो. ते पेर. त्या पेरावर तीन गोष्टी असतात. एक, पान. दोन, पानाच्या बगलेत झोपलेला डोळा, ज्यातून नवी फांदी येणार. आणि तीन, देठाच्या जवळ खोडावर एक-दोन तपकिरी गाठी. ही वेलीची हवेतली मुळं, ज्यांच्या आधारानं ती भिंतीवर, झाडावर चढते. ती आधीच तयार असतात, फक्त ओलाव्याची वाट बघत असतात. नुसतं पान तोडलं तर या तिन्हीतलं एकच हाती येतं. देठाला मुळं फुटली तरी डोळा मागंच राहिलेला असतो.

विड्याच्या पानांचे मळे, कोकणातल्या पोफळीवर चढवलेली मिरी, सगळीकडं लागवड अशीच पेरं बघून होते. घरातल्या मनीप्लांटला मात्र आपण पानावरून निवडतो, कारण आपल्याला ते शोभेसाठी हवं असतं. तिथंच फसतो.

तेव्हा पहिला नियम: तुकडा बघताना आधी पेर शोधा. पान सुरेख नसलं तरी चालेल, अगदी नसलं तरी चालेल. पेराशिवाय मात्र काही चालणार नाही.

वरचं वर, खालचं खाली

दुसरा आकडा 6. या सहा तुकड्यांना पेरं होती, डोळे होते. पण पानं नव्हती, आणि वेलीच्या मधल्या भागातले असल्यामुळं वरचं टोक कुठलं नि खालचं कुठलं हे बादलीतून काढताना कळलंच नाही. आम्ही ते उलटे लावले. जो डोळा वर हवा होता तो पाण्याखाली गेला आणि कुजला.

झाडाच्या आत एक दिशा असते. शेंड्याच्या कोवळ्या भागात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते वरून खाली वाहत राहतं. नेदरलंडचे शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1928 च्या सुमारास ओटच्या कोंबांवर प्रयोग करून हे द्रव्य दाखवून दिलं. वेल अखंड असते तेव्हा हे ऑक्सिन खालपर्यंत जातं आणि वाटेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. म्हणूनच वेल एकाच शेंड्यानं लांबत जाते. आपण वेल कापली की दोन गोष्टी होतात. कापलेल्या तुकड्यात ऑक्सिन खालच्या टोकाशी साठतं, आणि तिथल्या पेशींना मुळं काढायचा हुकूम मिळतो. आणि मागं उरलेल्या वेलीत शेंड्याचा अंमल उठतो, म्हणून वरचा झोपलेला डोळा जागा होतो. कापल्यानं वेल दाट होते ती यामुळं. कटिंग घेतलं तर वेलीचं नुकसान होत नाही, उलट तिला नवे फुटवे येतात.

तुकडा उलटा लावला तरी आतली ही दिशा बदलत नाही. सोपा उपाय आमच्या काकूंनी शोधला. कापतानाच खालचं टोक तिरकं कापायचं आणि वरचं सपाट. मग बादलीत कितीही मिसळले तरी कळतं.

बाजारात मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे याच ऑक्सिनच्या जातीचं, कारखान्यात केलेलं द्रव्य. गुलाबाला, जास्वंदीला ती उपयोगी पडते. मनीप्लांटला गरज नाही. त्याच्या पेरावर मुळं आधीच तयार असतात, तिथं पैसे घालवू नका.

पाण्यात हवा हवी

तिसरा आकडा 5. हे पाच तुकडे बादलीतच सडले. टेम्पो, सामान, नवं घर या गडबडीत बादली चार दिवस तशीच कोपऱ्यात राहिली. पानंबिनं सगळी पाण्यात बुडालेली. वर मे महिना. पाण्याला वास सुटला तेव्हा आठवण झाली.

मुळांना श्वास घ्यावा लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांना लागतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि पानं कुजायला लागली की जिवाणू उरलेला संपवतात. म्हणून पाण्यात फक्त एक किंवा दोन पेरं बुडाली पाहिजेत. बुडणारी पानं आधीच काढून टाकायची. एका बाटलीत दोन-तीनच तुकडे ठेवायचे.

मातीचंही तेच तत्त्व. नर्सरीत मिळणारी लाल माती छान दिसते, पण नुसती वापरली तर पाण्यानं बसते, दगडासारखी होते आणि हवा कोंडते. आम्ही एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि मूठ-दोन मूठ जाडी रेती किंवा भाताचं तूस घेतो. मूठ आवळून उघडली की गोळा हलक्या धक्क्यानं फुटला पाहिजे. आणि कुंडीला खाली भोक हवंच. शोभेच्या, भोक नसलेल्या कुंडीत लावायचं असेल तर आत प्लास्टिकची साधी कुंडी ठेवा.

उन्हाचा हिशेब

शेवटचा आकडा 4. हे चार तुकडे गच्चीवर उन्हात ठेवले होते. झाडाला ऊन लागतं, एवढंच डोक्यात. दोन दिवसांत पानं करपली.

मुळं नसलेल्या तुकड्याची अवस्था अशी असते, की खर्च चालू आणि आवक बंद. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, पण पाणी ओढून घ्यायला मुळंच नसतात. ऊन आणि वारा जितका जास्त, तितका खर्च जास्त. म्हणून तुकड्यावर एक किंवा दोनच पानं ठेवायची. अगदीच पानं नकोत असं नाही, कारण अन्न तीच करतात. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. खिडकीपासून दोन-तीन हात आत, जिथं दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, ती जागा उत्तम.

आता एकूण बघा. 14, 6, 5 आणि 4. 29 झाले. यातला एकही तुकडा वेल नाजूक होती म्हणून गेला नाही. आम्हाला कुठं कापायचं, कसं धरायचं आणि कुठं ठेवायचं हे माहीत नव्हतं म्हणून गेला.

तर मग करायचं कसं

वेळ कोणती? आपल्याकडं जून ते सप्टेंबर. ठाणे परिसरात या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हवेत दमटपणा भरपूर असतो, तापमान पंचवीस ते तीसच्या घरात. मोओरियाच्या वेलीला माहेरी आल्यासारखं वाटत असणार. पाणी कमी उडतं, मुळं लवकर फुटतात. आठ-दहा दिवसांत पांढरी टोकं दिसू लागतात. थंडीत, विशेषतः कल्याणच्या पुढं पहाटे गारठा पडतो तेव्हा, तेच काम महिनाभर रेंगाळतं. एप्रिल-मेमध्ये करावंच लागलं तर सावली आणि पाणी दोन्ही सांभाळा.

काय कापायचं? ज्या वेलीची पानं ताजी आहेत, किडीचा मागमूस नाही, अशी वेल निवडा. अगदी कोवळा शेंडा नको, तळातलं जून लाकडी खोडही नको. मधला भाग घ्या. एका तुकड्याला दोन ते तीन पेरं असू द्या. एकाच पेराचा तुकडाही लागतो, पण एक कुजलं तर दुसरं राखीव असावं. ब्लेड किंवा कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. खालच्या पेराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली कापा. खालचं पान काढून टाका.

पाण्यात लावणार असाल तर काचेची बाटली घ्या, म्हणजे मुळं दिसतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी लांब झाली, की मातीत हलवा. फार उशीर करू नका. पाण्यात वाढलेली मुळं पाण्याचीच सवय झालेली असतात. ती मातीत गेल्यावर दहा-पंधरा दिवस वेल रुसते. त्या दिवसांत माती ओलसर ठेवा, खत देऊ नका.

थेट मातीत लावणार असाल तर एक पेर मातीखाली, एक वर. पाणी घालून वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला, रोज थोडा वेळ काढा. पंधरा-वीस दिवसांनी तुकडा हलकेच ओढून बघा. त्यानं आतून धरून ठेवलेलं जाणवलं की समजा लागला.

मॉन्स्टेरा, सिंगोनियम, वेलीसारखा वाढणारा फिलोडेंड्रॉन, हे सगळे याच कुळातले. पद्धत तीच, पेर शोधण्यापासून सगळी.

बाटलीतला डास

आता एक गोष्ट, जी बागेइतकीच घराशी संबंधित आहे. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर येतात आणि पाण्याची पिंपं, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या तपासतात. त्यात मनीप्लांटची बाटलीही बघतात. आपल्याला राग येतो. पण ते बरोबर आहेत.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे जितक्या दिवसांत तुमच्या कटिंगला मुळं फुटतात तितक्याच दिवसांत डासही तयार होतो. आपण वेल वाढवतोय की डास, हे आपल्या हातात आहे. दर चार-पाच दिवसांनी पाणी पूर्ण ओता. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी काचेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. आतून ब्रश फिरवा. बाटलीच्या तोंडाला वेलीभोवती कापूस लावा. हे जमणार नसेल, तर पावसाळ्यात पाण्यात लावूच नका, सरळ मातीत लावा. आम्ही आता तेच करतो.

अळूची बहीण

हे कूळ आपल्याला परकं नाही. अळू, सुरण आणि शेवळ ही याच कुळातली. मृगाच्या आगेमागे ठाणे-कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट फळं ठेवतात. काकडाशिवाय शेवळाची भाजी केली तर घसा खाजतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. अळूच्या फदफद्यात चिंच घालायची तीही त्यासाठीच. ही खाज असते कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची.

मनीप्लांटमध्येही तेच स्फटिक असतात, आणि ती काही भाजी नव्हे. रांगतं बाळ किंवा मांजर-कुत्रा पान चावेल अशा उंचीवर ही वेल ठेवू नका. तोंडाची आग होते, सूज येते. कापल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका.

दुसरं, छाटलेले तुकडे येऊरच्या जंगलात, उल्हास नदीच्या काठाला किंवा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकू नका. श्रीलंका, हवाई बेटं, फ्लोरिडा इथं बागेतून बाहेर पडलेल्या याच वेलीनं झाडं झाकून टाकली आहेत. आपल्याला वाटतं, टाकलेला तुकडा कुजेल. पण त्याला पेर असतं! आपल्या पावसात ते मुळं धरणारच. नको असलेले तुकडे उन्हात कडकडीत वाळवा आणि मग ओल्या कचऱ्यात टाका.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात. खरं का?*

यात अगदीच तथ्य नाही असं नाही! चोरताना आपण ज्या वेलीवर डोळा ठेवतो ती मुळातच जोमदार असते, आणि घाईत हाताला येतो तो तीन-चार पेरं असलेला लांब तुकडा. तो लागणारच. दिलेला तुकडा मात्र बहुतेक वेळा देणाऱ्यानं शोभेचं पान बघून काढलेला असतो. पण मागून घ्या. मागितलं की देणारा वेलीची माहितीही देतो, आणि पिठ्या ढेकूण असेल तर तेही सांगतो. नवीन तुकडा आणला की साबणाच्या पाण्यानं पुसा आणि दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. पैसे येतात का, ते मात्र आम्हाला विचारू नका.

*प्रश्न: आम्ही एमआयडीसीजवळ राहतो. मनीप्लांटनं घरातली हवा शुद्ध होते ना?*

ही समजूत 1989 सालच्या नासाच्या अहवालावरून आली. ते प्रयोग छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते. आपली घरं हवाबंद नसतात. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा वेल जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं. पण वास आला तर तक्रार करणं सोडू नका. ते काम दोन बाटल्यांवर टाकून भागणार नाही.

*प्रश्न: जुन्या बंगल्यांतल्या झाडांवर हीच वेल सुपाएवढ्या पानांची दिसते. आमची पानं लहानच का?*

वेल तीच. ती खाली लोंबत असते तेव्हा पानं लहान ठेवते. वर चढायला आधार मिळाला की पानं मोठी होत जातात, पुढं चिरलेलीही दिसतात. घरात काथ्याचा खांब लावून तो ओला ठेवा, मुळं त्याला धरतील आणि फरक दिसेल.

*प्रश्न: पांढऱ्या पानांचा तुकडा लावला, तो जगत नाही.*

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न करत नाही. पूर्ण पांढरा तुकडा उपाशी मरतो. पानावर निदान अर्धा हिरवा भाग असेल असं पेर निवडा. आणि उजेड चांगला द्या. अंधारात ठेवलं तर येणारी पानं हिरवीच होत जातात.

*प्रश्न: काकूंच्या त्या 11 तुकड्यांचं पुढं काय झालं?*

चार आमच्याकडं ठाण्यात आहेत, तीन कल्याणला, दोन डोंबिवलीतच शेजाऱ्यांकडं, आणि दोन काकूंच्या भाड्याच्या घरात. ते मुद्दाम वाटून ठेवले. एका घरात कीड आली, कुणी गावाला गेलं आणि पाणी घालायला विसरलं, तरी वेल जाऊ नये. तिला बी नाही, तेव्हा दुसऱ्याच्या घरात ठेवलेला तुकडा हेच तिचं बियाणं. नव्या इमारतीचा तिसरा स्लॅब पडलाय. ताबा मिळाला की ज्याची वेल सगळ्यात चांगली असेल त्यानं तीन पेरांचा तुकडा काढायचा आणि काकूंच्या नव्या गॅलरीत लावायचा, असं ठरलं आहे.

तुमची इमारतही जाणार असेल, तर टेम्पो येण्याची वाट बघू नका. या पावसाळ्यातच कापा, पेर बघून कापा, आणि दोन घरी देऊन ठेवा.